पब क्रॉलमध्ये वेग कोण ठरवतं?

पब क्रॉलचा विषय निघाला की आपल्याकडे दोन तयार मतं ऐकू येतात. एक, या वयात मजा नाही करायची तर कधी? दुसरं, शिकायला परदेशी पाठवलं आणि तिथे जाऊन हे धंदे! दोन्ही मतं सध्या बाजूला ठेवूया, कारण दोन्हींमध्ये क्रॉल कसा असतो याबद्दल एक शब्दही नाही. एखाद्या नाटकाचं किंवा प्रदर्शनाचं परीक्षण करतात तसं मला त्याचं परीक्षण करायचं आहे. तिकीट काढून विकत घेतलेली एक रात्र, तिची रचना, ती काय दाखवते आणि काय झाकते. आणि पेट, नेट, इंटरव्ह्यू यांच्या तयारीत असलेल्या तुमच्यासाठी यात एक प्रश्न आहे. गाइडबरोबर फील्डवर गेल्यावर आपण फील्ड बघतो, की गाइडने आपल्यासाठी काढलेलं सॅम्पल?

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. क्रॉल म्हणजे रांगणं. एका संध्याकाळी एका पबमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जात राहायचं, ही ब्रिटनमधली जुनी सवय. मित्रमित्र मिळून करायची, तिकीट वगैरे काही नाही. मार्गदर्शित क्रॉल म्हणजे याच सवयीचं पॅकेज. चौकात जमायचं, पैसे भरायचे, मनगटाला कागदी पट्टा बांधून घ्यायचा. पहिल्या ठिकाणी तास-दीड तास हवी तेवढी बिअर. मग गाइडच्या मागे रांगेने आणखी दोन-तीन ठिकाणं, प्रत्येक दारात एक शॉट, आणि शेवटी नाइटक्लब. युरोपात प्राग, क्राकूव, बुडापेस्ट अशा शहरांमध्ये हे वर्षानुवर्षं चाललं आहे. मी गेले तो प्रागमधला, २०२३ च्या उन्हाळ्यातला. तिथे दोन आठवड्यांच्या समर स्कूलला गेले होते. माझा विषय रसायनशास्त्र, त्यातही अभिक्रियांचा वेग. त्यामुळे कुठेही गेलं तरी ‘वेग कशाने ठरतो’ हा किडा डोक्यात वळवळतोच. कंपनीचं नाव सांगत नाही, त्याने काही फरकही पडत नाही. यांचे साचे एकमेकांसारखेच असतात.

आधी सॅम्पलचं बोलू. प्राग हे बिअरचं शहर आहे हे गाइड सांगतो, आणि ते खरंच आहे. माणशी बिअर पिण्यात चेक लोक अनेक वर्षं जगात सगळ्यात पुढे आहेत, वर्षाला १२० लिटरच्या वर. उ फ्लेकू या ठिकाणी १४९९ पासून बिअर बनते. १९११ मध्ये यारोस्लाव हाशेक या लेखकाने मित्रांबरोबर ‘कायद्याच्या चौकटीत राहून माफक प्रगती साधणारा पक्ष’ काढला तो विनोहराडी भागातल्या एका पबमध्ये, आणि निवडणुकीच्या सभाही पबमध्येच घेतल्या. हुसोवा रस्त्यावरचा ‘सोनेरी वाघ’ हा बोहुमिल ह्राबाल या कादंबरीकाराचा अड्डा. १९९४ च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष हावेल अमेरिकेच्या क्लिंटन यांना बिअर प्यायला तिथे घेऊन गेले होते. म्हणजे राजकारण, साहित्य, टवाळी, सगळं या शहरात पबच्या टेबलावर झालेलं आहे.

आता क्रॉलमध्ये यातलं काय दिसतं? काहीच नाही. आणि याचं कारण कंपनीचा कंजूषपणा नाही, साधा हिशोब आहे. ‘सोनेरी वाघ’ दुपारी तीनला उघडतो आणि नेहमीचे लोक येऊन आपापल्या जागा धरतात. रात्री नऊ वाजता तिथे तीस अनोळखी लोकांचा घोळका घेऊन जाऊन बघा. उभं राहायला जागा मिळणार नाही. उलट बाजूने बघा: जो पब रात्री नऊला तीस जणांना एकदम आत घेऊ शकतो, त्या पबला नेहमीचं गिऱ्हाईक नाही. असतं तर जागा रिकामी नसती. म्हणजे क्रॉलचं वेळापत्रकच अशी चाळणी लावतं की जिथे प्रागचे लोक बसतात ती ठिकाणं आधीच गळून पडतात. उरलेल्या ठिकाणांना ‘प्रागची रात्र’ असं लेबल लावून विकलं जातं.

सिलेक्शन बायस शिकताना पुस्तकात दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांचं उदाहरण असतं. गोळ्यांची भोकं मोजली ती परत आलेल्या विमानांवरची. पडलेली विमानं मोजणीत नव्हतीच. ते पाठ असतं, इंटरव्ह्यूला सांगताही येतं. पण आपण स्वतः एखाद्या चाळणीच्या खालच्या बाजूला उभे असतो तेव्हा ते ओळखू येत नाही, कारण आजूबाजूला सगळं भरलेलं, गजबजलेलं दिसत असतं. गावात फील्डवर्कला गेल्यावर सरपंचाच्या गाडीतून फिरलात तर नेमकं हेच होतं. गाडी जिथे जाऊ शकते तेवढाच डेटा.

आणखी एक नमुना. तिसऱ्या ठिकाणी आम्हाला अ‍ॅबसिंथ दिली. चमच्यावर साखरेचा खडा, त्यावर दारू, मग काडी ओढून खडा पेटवायचा. ‘ही बोहेमियाची जुनी परंपरा’ असं गाइडने सांगितलं आणि सगळ्यांनी मोबाइल काढले. अ‍ॅबसिंथ पिण्याची फ्रान्समधली जुनी रीत म्हणजे जाळीच्या चमच्यावर साखर ठेवून तिच्यावरून थेंबथेंब गार पाणी सोडणं. हे पेटवणं १९९० च्या दशकातलं, साम्यवादी राजवट गेल्यावर पर्यटक यायला लागले तेव्हाचं. परंपरा साधारण माझ्याच वयाची. मला यात फसवणुकीपेक्षा माहितीच जास्त दिसते: क्रॉल शहराचा इतिहास सांगत नाही, पण पर्यटनाचा इतिहास मात्र फार प्रामाणिकपणे करून दाखवतो.

आता मुद्द्याचं, वेगाचं. चेक पबमध्ये बसलात की वेटर तुमच्यासमोर कागदाची एक अरुंद चिठ्ठी ठेवतो. तिला म्हणतात लीस्टेक. प्रत्येक बिअरला तिच्यावर एक रेघ. जुन्या धाटणीच्या ठिकाणी तर ग्लास संपत आला की न मागता पुढचा येतो, तुम्ही ‘पुरे’ म्हणेपर्यंत. म्हणजे तिथेही वेग सगळा तुमच्या हातात नसतो, हे मान्य करायला हवं; ‘पब शहाणा आणि क्रॉल वेडा’ इतकं ते सोपं नाही. पण चिठ्ठी समोर असते. चार रेघा म्हणजे चार. तुम्ही बघता, शेजारचा बघतो, वेटर बघतो. प्रयोगवहीच म्हणा ना, टेबलावर उघडी ठेवलेली.

क्रॉलमध्ये चिठ्ठीच्या जागी मनगटावरचा पट्टा येतो. पट्टा फक्त एवढंच सांगतो की या माणसाने पैसे भरले आहेत. किती प्यायला हे तो सांगत नाही, कुणीच सांगत नाही. पहिल्या दीड तासात ग्लास भरले जातात, मोजले जात नाहीत. माझ्या शेजारी बसलेल्या मुलाला मी नंतर विचारलं, किती झाल्या? तो म्हणाला, तीन असतील. मी पाच मोजल्या होत्या. तो खोटं बोलत नव्हता, त्याच्याकडे रेघाच नव्हत्या. व्यसनावरच्या संशोधनात ‘तुम्ही आठवड्यात किती पिता’ या प्रश्नाच्या उत्तरांवर लोक इतका वाद का घालतात, ते मला त्या टेबलावर कळलं.

याच विषयावरचं एक जुनं काम तुम्ही वाचाच असा माझा आग्रह आहे. १९३७ मध्ये ब्रिटनमध्ये ‘मास ऑब्झर्व्हेशन’ नावाचा गट सुरू झाला. आपल्याच देशातल्या साध्या लोकांचा अभ्यास मानववंशशास्त्रज्ञासारखा करायचा, ही कल्पना. त्यांनी बोल्टन या गिरण्यांच्या गावातल्या पबांमध्ये माणसं बसवली. ही माणसं घड्याळ लावून बघत होती: ग्लास किती मिनिटांत संपतो, कोण कोणाबरोबर बसतं, थुंकतात कुठे. १९४३ मध्ये त्याचं पुस्तक आलं, ‘द पब अँड द पीपल’. त्यातलं मला सगळ्यात आवडलेलं निरीक्षण म्हणजे गटाने बसलेले लोक सारख्या पातळीने पितात. सगळ्यांच्या ग्लासातली बिअर बरोबरीने खाली जाते. कुणी ठरवलेलं नसतं, कुणी बोलत नाही, पण होतं. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला यात आनंद वाटण्यासारखं पुष्कळ आहे: महागडं उपकरण नाही, फक्त घड्याळ आणि धीर. (न सांगता लोकांवर नजर ठेवली म्हणून आजची एथिक्स कमिटी हा प्रस्ताव पहिल्या पानावरच परत करेल, ते वेगळं.)

म्हणजे गटात वेग एकमेकांकडून लागतोच. मग गाइड काय करतो? सेबास्टियन टुटेन्येस या डॅनिश संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी नेमका हा प्रश्न घेतला. बल्गेरियातल्या सनी बीच या किनाऱ्यावर डॅनिश तरुणांचे जथे सुट्टीला जातात, त्यांच्यासाठी भरवलेल्या क्रॉलमध्ये हे लोक स्वतः सामील झाले आणि २०१२ मध्ये त्यांचा पेपर आला. शीर्षकातच निष्कर्षाची दिशा आहे: नशेकडे नेणारं मार्गदर्शन. त्यांच्या मते गाइड नुसता वाटाड्या नसतो. तो वातावरण तापवतो, आणि त्याच्या वागण्याचा लोक किती पितात यावर परिणाम होतो. पुढे टुटेन्येसने हे दुर्खीमच्या १९१२ मधल्या कल्पनेशी जोडलं: लोक एकत्र जमून एकच गोष्ट करायला लागले की एक सामूहिक उसळी येते, आणि माणसाला आपण आपल्यापेक्षा मोठ्या कशाचा तरी भाग आहोत असं वाटतं. वारीत किंवा विसर्जनाच्या ढोलापुढे जे अंगात येतं, त्याची आठवण झाली तर चूक नाही. दुर्खीम धर्मावरच लिहीत होता.

रसायनाच्या भाषेत, गाइड उत्प्रेरक आहे असं म्हणायचा मोह होतो. मी तो आवरते. उत्प्रेरक अभिक्रियेचा वेग वाढवतो, पण समतोल कुठे येईल ते बदलत नाही, आणि शेवटी स्वतः होता तसाच उरतो. गाइडच्या बाबतीत दोन्ही खोटं ठरतं. त्याच्यामुळे लोक नुसते लवकर पीत नाहीत, जास्तही पितात; आणि रात्री अकराला आमचा गाइड होता तसा अजिबात उरला नव्हता. दुसऱ्या विषयात गेल्यावर आपल्या विषयातली उपमा वापरायची असेल तर ती कुठे तुटते तेही त्याच परिच्छेदात लिहावं, एवढं पथ्य मी पाळते.

या पेपरवर मला एक आक्षेप आहे. सनी बीचवर गट एका देशाचा, गाइडही त्याच देशाचा, ठिकाण फक्त सुट्टीसाठीच वसलेलं. क्राकूवमध्ये ब्रिटिश नवरदेवांच्या टोळ्यांचा अभ्यास करणारा टॉमस थर्नेल-रीड (त्याचा २०११ चा पेपर, लग्नाआधीच्या त्या सहलींमधल्या पुरुषपणावर, फार चांगला आहे) याच्याकडेही गट आधीपासून एकमेकांना ओळखणारा. मी पाहिलेला गट मात्र पूर्ण अनोळखी लोकांचा: सहा-सात देश, बरेचसे एकेकटे आलेले. गाइडही चेक नव्हता, तोही शिकायला आलेला परदेशी विद्यार्थी. अशा गटात गाइडचं काम वेगळं असणार. तिथे तो आधीची ओळख पेटवत नाही, शून्यातून ओळख तयार करतो. पहिल्या पंधरा मिनिटांत त्याने आम्हाला जोड्या बदलायला लावून, नावं पाठ करायला लावून, एक फालतू पत्त्यांचा खेळ खेळायला लावून असं काही मिसळवलं की जे काम समर स्कूलच्या आयोजकांना तीन चहापानांत जमलं नव्हतं ते झालं. एक मुलगी, तीन आठवडे त्या शहरात होती, मला म्हणाली की दुकानदार सोडून कुणाशी ती पहिल्यांदाच बोलते आहे.

म्हणून ‘हे लोक बिअरसाठी येतात’ हे मला पटत नाही. हिशोब करा. तिकीट साडेसहाशे कोरुना. साध्या पबमध्ये अर्धा लिटर बिअर साठ-पासष्टला मिळत होती. म्हणजे त्याच पैशात दहा बिअर, आणि त्या जास्त चांगल्या. नुसती दारू हवी असणारा माणूस हे तिकीट काढणार नाही. तिकीट निघतं ते सोबतीसाठी. आणि क्रॉलवरची माझी खरी टीका इथे आहे. एकटेपणावर तो जे औषध देतो ते काम करतं, पण डोस गाइडच्या हातात, रुग्णाच्या नाही. खेळ हरलात की प्या, जिंकलात तर दुसऱ्याला पाजा. न पिणाऱ्यासाठी खेळात जागाच नाही. मी दोन बिअरनंतर सोड्यावर आले. कुणी जबरदस्ती केली नाही, उलट सगळे फार सौजन्याने वागले, आणि मग मला सौजन्याने खेळातून वगळलं. नावं पाठ करण्याचा खेळ दारूशिवाय तितकाच चालला असता. पण त्यानंतर तो पुन्हा खेळला गेला नाही, कारण पब दारात शॉट देतो ते खप वाढावा म्हणून, नावं लक्षात राहावीत म्हणून नाही.

हे तुमच्याशी बोलायचं कारण, परदेशी कॉन्फरन्सला गेलात की याचीच सौम्य आवृत्ती तुम्हाला भेटणार आहे. पोस्टर सेशन संपतं आणि ‘चला, एकेक बिअर’ म्हणून सगळे निघतात. पुढचा पोस्टडॉक, पुढचं सहकार्य, यातलं बरंच तिथे ठरतं. आपल्याकडे कागदोपत्री प्यायला परवाना लागतो, कडक दारूला महाराष्ट्रात वयाची २५ वर्षं पुरी असावी लागतात. चेक कायद्यात १८. नांदेडहून किंवा साताऱ्याहून थेट आलेल्या एखाद्याला त्या टेबलावर कसं बसायचं हेच कळत नाही, आणि त्याला कुणी सांगतही नाही. जा, बसा, सोडा किंवा लिंबूपाणी मागवा, कारण सांगत बसू नका. टेबलावर जे चालतं त्यात चर्चा किती आणि दारू किती हे मात्र बघा. चर्चा असेल तर तुमच्या हातात काय आहे हे दहा मिनिटांत कुणाच्या लक्षातही राहत नाही.

आता शहराची बाजू. ऑक्टोबर २०२४ मध्ये प्राग महापालिकेने रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात असे मार्गदर्शित क्रॉल नेण्यावर बंदी घातली. जुन्या गावात अजून लोक राहतात. खाली रस्त्यावरून रोज रात्री तीस-तीस जणांची गाणारी रांग जात असेल तर वरच्या मजल्यावरच्या माणसाच्या झोपेचं काय होतं, हे गणपतीच्या दहा दिवसांत मुख्य रस्त्यावर घर असलेल्यांना सांगायला नको. बंदीवर हसणारे म्हणाले, नुसता देखावा आहे. पर्यटक स्वतःचे स्वतः पितीलच की. पण वरचे पेपर वाचले असतील तर हसण्याआधी थांबाल. गाइड हाच कळीचा व्हेरिएबल असेल, तर दारू किंवा पब यांच्याऐवजी गाइडवर बंदी हा नेम बरोबर जागी आहे. घोळका तयार करणारा, त्याला वेग लावणारा आणि त्याला रस्त्यावरून चालवणारा तोच.

जे खटकतं ते समर्थन. शहराला अधिक सुसंस्कृत आणि अधिक श्रीमंत पर्यटक हवेत, असं तेव्हा महापालिकेकडून सांगितलं गेलं. ही दोन विशेषणं एका दमात आली की मी कान टवकारते. स्टॅटिस्टिक्समध्ये याला म्हणतात दोन व्हेरिएबल एकात एक अडकलेले. कोणत्याने परिणाम झाला ते सांगता येत नाही. श्रीमंत माणूस रात्री दोनला ओरडत नाही, की तो ओरडतो त्या हॉटेलच्या भिंती जाड असतात? मला त्या रात्री भेटलेले लोक बहुतेक विद्यार्थी होते, हॉस्टेलच्या बंकबेडवर झोपणारे. त्यांना शहराने नको म्हणावं आणि कारण आवाजाचं द्यावं, हे मला आवाजाचं मोजमाप पुढे ठेवल्याशिवाय मान्य नाही.

मोजमाप करायला अवघडही नाही, आणि कुणाला लघुप्रकल्पासाठी विषय हवा असेल तर हा घ्या. क्रॉल जिथून जायचे असे काही रस्ते, आणि पब तितकेच पण क्रॉल कधीच जात नव्हते असे काही रस्ते. दोन्हीकडे बंदीच्या आधीच्या आणि नंतरच्या तक्रारी, तासागणिक. फक्त रात्री दहानंतरचे आकडे घेऊ नका. क्रॉल बंद झालेच असतील असं नाही, ते संध्याकाळी पाचला सरकले असतील, आणि मग दहानंतरचा आकडा छान खाली आलेला दिसेल. त्याच लोकांचा, त्याच पट्ट्यांचा, त्याच खेळांचा आवाज आता लहान मुलांच्या अभ्यासाच्या वेळेत येतो आहे, हे तुमच्या तक्त्यात कुठेच दिसणार नाही.